माल्कम बटलर: पाचव्या नंबरचा कॉर्नरबॅक, त्याची किंमत आणि वसुली

थोडक्यात सांगायचं तर ४ लाख २० हजार डॉलरला मिळाला तेव्हा पैसा वसूल, ६ कोटी १० लाखाला मिळाला तेव्हा ठीकठाक, आणि लोक त्याला ज्या एका बॉलवरून ओळखतात त्यावरून किंमत लावायला गेलात तर फसलात. आता सविस्तर.

ज्यांना अमेरिकन फुटबॉल माहीत नाही त्यांच्यासाठी, कॉर्नरबॅक म्हणजे समोरच्या टीमच्या रिसीव्हरला (पास झेलणाऱ्याला) चिकटून पळणारा गडी. रिसीव्हर कुठे वळणार हे रिसीव्हरला माहीत, याला नाही, आणि याने उलट्या पावली पळता पळता ते ओळखायचं. काम चोख केलं तर बॉल याच्याकडे येतच नाही म्हणजे टीव्हीवर पण दिसत नाही, आणि चुकला की तीन अँगलने रिप्ले. त्यात बॅकअप म्हणजे आणखी हाल, आठवडाभर प्रॅक्टिसमध्ये रविवारच्या विरोधी टीमचं सोंग वठवायचं, मॅचमध्ये किकच्या मागे धावून टॅकल करायचे, आणि पुढच्या कुणाला काही झालं किंवा कुणी मार खायला लागला तरच मैदानात.

बटलर मिसिसिपीतल्या व्हिक्सबर्गचा. कम्युनिटी कॉलेजच्या टीममधून काढलं, मग पोपाइजमध्ये चिकनच्या काउंटरवर नोकरी, मग परत कॉलेज, मग वेस्ट अलाबामा नावाचं डिव्हिजन टू कॉलेज जे अलाबामातल्याच लोकांना धड माहीत नसेल. २०१४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएफएल या लीगच्या टीम्स कॉलेजची पोरं निवडतात त्यात, २५६ पोरं निवडली गेली, त्यात हा नाही. न्यू इंग्लंड पॅट्रियट्सनी ट्रायआउटला बोलावलं आणि आवडला म्हणून ठेवून घेतला, पगार लीगचा किमान म्हणजे वर ४ लाख २० हजार लिहिलाय तोच. त्याच वर्षी त्याच टीमने डॅरेल रेव्हिस या नावाजलेल्या कॉर्नरबॅकला एका सीझनचे १ कोटी २० लाख मोजले होते. म्हणजे एका रेव्हिसच्या पैशात २८ बटलर आले असते राव.

रेग्युलर सीझनला ११ मॅच, त्यातली एकच स्टार्ट (म्हणजे सुरुवातीपासून मैदानात), इंटरसेप्शन (समोरच्याचा पास मधेच पकडणं) शून्य. १ फेब्रुवारी २०१५, ग्लेंडेल, सिअॅटल सीहॉक्सविरुद्ध सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल. पॅट्रियट्सचा कॉर्नर काइल अॅरिंग्टनला सिअॅटलचा उंच रिसीव्हर ख्रिस मॅथ्यूज धुवायला लागला म्हणून दुसऱ्या हाफला जी अदलाबदल झाली त्यात या पोराला आत सोडलं. शेवटी शेवटी सिअॅटलच्या जर्मेन कर्सला लांब बॉल आला, बटलरने हवेत बोट लावलं, तरी बॉल खाली पडलेल्या कर्सच्या पायावर उडून उडून त्याच्याच हातात गेला. इथे माझ्या मते त्याचा खरा खेळ दिसतो आणि याबद्दल कुणी बोलत नाही. त्या गोंधळात कर्स उठला तेव्हा त्याला कुणी शिवलेलं नव्हतं, सरळ टचडाऊन (बॉल घेऊन शेवटच्या रेषेपार) होता, पण बटलर मागून आला आणि पाच यार्डावर त्याला ढकलून बाहेर काढला. तो ढकलला नसता तर पुढचं काहीच झालं नसतं. मग बॉल घेऊन पळणाऱ्या मार्शॉन लिंचला पॅट्रियट्सच्या हाईटावरने रेषेच्या एक यार्ड आधी अडवला, पॅट्रियट्सचा कोच बेलिचिकने टाइमआउट घेतलाच नाही, सिअॅटलने तीन रिसीव्हर लावले तसा पॅट्रियट्सनी तिसरा कॉर्नर म्हणून बटलरला ओरडून आत पाठवला. घड्याळात २६ सेकंद. हाच प्ले त्या आठवड्यात प्रॅक्टिसला त्याच्यावर चालवून बघितला होता आणि तेव्हा तो उशिरा निघाल्यामुळे टचडाऊन बसला होता. या वेळी दोन रिसीव्हर एकामागे एक उभे दिसल्यावर तो वाट बघत बसलाच नाही, सिअॅटलचा क्वार्टरबॅक (पास फेकणारा) विल्सनचा हात मागे जायच्या बेतात असतानाच सुटला आणि रिसीव्हर लॉकेटच्या पुढे घुसून बॉल काढला. पॅट्रियट्स २८-२४ ने जिंकले. प्रोफेशनल करिअरमधलं पहिलं इंटरसेप्शन. (पुढे उभ्या कर्सला पॅट्रियट्सचाच दुसरा कॉर्नर ब्रँडन ब्राउनरने जागच्या जागी दाबून धरलं म्हणून वाट मोकळी झाली, त्या बिचाऱ्याचं नाव कुणी घेत नाही.) पॅट्रियट्सचा क्वार्टरबॅक ब्रेडीला एमव्हीपी (सामनावीर) म्हणून गाडी मिळाली ती त्याने बटलरला देऊन टाकली.

आता खरा मुद्दा. बहुतेकांचा रिव्ह्यू इथेच संपतो, एक बॉल पकडला आणि हिरो झाला. पण पुढच्या सीझनला रेव्हिस आणि ब्राउनर दोघंही गेले आणि हा एक नंबरचा कॉर्नर म्हणून उभा राहिला, लीगमधल्या भल्याभल्या रिसीव्हरांच्या मागे रोज धावला. २०१५ ला प्रो बोल (लीगची ऑल-स्टार मॅच), २०१६ ला ऑल-प्रोच्या (वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीच्या) दुसऱ्या टीममध्ये आणि दुसरी सुपर बोल रिंग. पगार तेव्हा ५ लाख १० हजार आणि ६ लाख. तीन वर्षांची बेरीज जेमतेम १५ लाख डॉलर, एवढ्यात बाकीच्या टीम्सना एक बरा बॅकअप एका सीझनसाठी मिळतो. इतका स्वस्तातला माल बाजारात नव्हता, पाचपैकी पाच स्टार, साडेपाच देता येत असते तर दिले असते.

२०१७ ला मात्र टीमने बाहेरून स्टीफन गिलमोर हा कॉर्नर आणला, पाच वर्षं, साडेसहा कोटी. बटलरला ३९ लाखाचं एका वर्षाचं कागद. फॅन म्हणून राग आला होता पण गिलमोर पुढे २०१९ ला डिफेन्सिव्ह प्लेयर ऑफ द इयर झाला, त्यामुळे हिशोबाला बोट ठेवायला जागा नाही.

आणि मग ४ फेब्रुवारी २०१८, मिनिअॅपोलिस. वर्षभर डिफेन्सचा जवळजवळ प्रत्येक स्नॅप (म्हणजे प्रत्येक प्ले) खेळलेला माणूस सुपर बोलला बेंचवर, डिफेन्समध्ये शून्य, एक स्पेशल टीम्सचा (किकच्या वेळचा) स्नॅप तेवढा. राष्ट्रगीताच्या वेळी डोळ्यात पाणी. समोरच्या फिलाडेल्फिया ईगल्सचा निक फोल्स, जो स्वतः बॅकअप क्वार्टरबॅक, त्याने ३७३ यार्ड फेकले आणि ४१-३३ ने हरवलं. कारण आजपर्यंत नीट कुणी सांगितलेलं नाही. बेलिचिकचं म्हणणं एवढंच की टीमसाठी जे योग्य वाटलं ते केलं. अहो पण पास वर पास बसतायत, मग योग्य काय ते दिसतंच होतं की सगळ्यांना. आपण सर्व्हिस रिव्ह्यू करतोय म्हणून सांगतो, यात माल खराब नव्हता, वापरणाऱ्याने डबाच उघडला नाही.

महिनाभराने टेनेसी टायटन्सने पाच वर्षं ६ कोटी १० लाख दिले, त्यातले ३ कोटींच्या वर गॅरंटीड. इथे एनएफएलचे आकडे वाचायची पद्धत लक्षात घ्या, हेडलाइनचा आकडा सहसा पूर्ण मिळत नाही, गॅरंटीड तेवढंच खरं, बाकी टीमला वाटलं तर हातात नारळ. पहिल्या सीझनच्या सुरुवातीला त्याने इतके टचडाऊन खाल्ले की नॅशव्हिलवाले डोकं धरून बसले, मग सावरला. त्यात नोव्हेंबरात पॅट्रियट्सना ३४-१० ने लोळवलं तेव्हा त्याला काय वाटलं असेल ते वाटलं असेल. २०१९ ला मनगट मोडलं, ९ मॅचवर सीझन संपला. २०२० ला ४ इंटरसेप्शन, १०० टॅकल, एकदम कामाचा. आणि मार्च २०२१ ला सोडून दिला, पैसे वाचवायला. पाचपैकी तीन. फसवणूक म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही, दोन नंबरच्या कॉर्नरला एक नंबरच्या आसपासची किंमत मोजली एवढंच.

नावाचं म्हणाल तर आपल्याकडे जोगिंदर शर्मा आहे ना, २००७ च्या फायनलची शेवटची ओव्हर, मिसबाहचा स्कूप, श्रीशांतचा कॅच, आणि त्यानंतर इंडियासाठी एकही मॅच नाही. लोक बटलरला त्याच खणात टाकतात आणि तिथेच गडबड होते. जोगिंदरला पुढे संधीच मिळाली नाही, याला मिळाली आणि याने दोन वर्षं नंबर एकची ड्यूटी केली. त्या बॉलने त्याचं नाव मोठं केलं हे मान्य, पण बाकीची मेहनत झाकली पण त्यानेच.

शेवटचा भाग पटकन. अॅरिझोना कार्डिनल्सनी २०२१ ला एका वर्षासाठी घेतला, सीझन सुरू व्हायच्या आधीच रिटायर. २०२२ ला मन बदललं, पॅट्रियट्सनी परत घेतला, ऑगस्टमध्ये कंबरेची इंजुरी, रेग्युलर सीझनचा एकही स्नॅप नाही. या दोन्ही सौद्यांना मी स्टार देत नाही, दोन्ही टीम्सना डबा पोचला पण माल मैदानात आलाच नाही.