गावाची स्वतःची विहीर की सामायिक योजना? ठराव करण्याआधी

सांगली जिल्ह्यातल्या जत, कवठेमहांकाळ, आटपाडी भागातल्या ग्रामसभांपुढे हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. शिवारात विहीर पाडून गावापुरती स्वतंत्र नळपाणी योजना करायची, की शेजारच्या गावांबरोबर कृष्णेवरच्या प्रादेशिक योजनेत जायचं? चर्चा रंगते ती पाइप किती इंची आणि टाकी कुणाच्या जागेत यावर. माझ्या मते निर्णय वीजबिल आणि पाणीपट्टीवर व्हायला हवा. पण आधी उद्भव, म्हणजे पाणी कुठून येणार ते बघू.

आपल्याकडे पाऊस साधारण 500 मिलीमीटरच्या आसपास आणि खाली काळा पाषाण. मुरमात आणि खडकाच्या भेगांत मुरेल तेवढंच पाणी. दिवाळीला भरलेली विहीर मार्चअखेर तळ दाखवते, शेजारच्या द्राक्षबागेत खोल बोअर लागलं तर त्याही आधी. सार्वजनिक उद्भवापासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर-बोअर घेता येत नाही असा कायदा आहे, पण भावकीतल्या माणसाविरुद्ध तक्रार द्यायला कुणी पुढे येत नाही.

नदीचा उद्भव या बाबतीत उजवा. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला गेलं ते कृष्णेचंच पाणी. त्याच उन्हाळ्यात आपल्याच जिल्ह्याच्या पूर्व भागात मात्र टँकर फिरत होते. नदीत पाणी आहे एवढ्यावर भुलू नका, ते आपल्या टाकीपर्यंत कोण आणि कशाच्या जोरावर चढवणार हे विचारा.

आता हिशेब. गाव 3,000 वस्तीचं, माणशी रोज 55 लिटर, म्हणजे 1 लाख 65 हजार लिटर. एक हजार लिटर पाणी 100 मीटर चढवायला पंपात वाया जाणारी ऊर्जा धरून साधारण 0.45 युनिट लागतं. म्हणजे नदीवरून 100 मीटर चढ असेल तर रोज 75 युनिट, महिन्याला सव्वादोन हजार, आणि लांब पाइपलाइनमधल्या घर्षणाचा खर्च वेगळा. गावाजवळच्या विहिरीतून 40 मीटर उचलायचं असेल तर हेच काम रोज 30 युनिटांत होतं, आणि सौर पंपावर ते आणखी आवाक्यात येतं. बिलाच्या बाबतीत विहीर सरळसरळ जिंकते.

पण सामायिक योजनेतलं खरं दुखणं युनिटांत नाही. जॅकवेलवर, म्हणजे नदीकाठच्या उपसा विहिरीवर, वीजजोडणी एकच असते. दहातली सहा गावं वेळेवर भरतात, चार थकवतात, आणि जोडणी तुटली की कोरडी पडतात दहाही. मग भरणारी सहाही पुढच्या वर्षी विचारतात, ‘आम्हीच का भरायचं?’ तिथून योजना बसायला वेळ लागत नाही. म्हणून शेजारी गाव चांगलं आहे का यापेक्षा त्या गावाची पाणीपट्टी वसुली किती, हे आधी विचारा. मागच्या तीन वर्षांची वसुलीची वही समोर ठेवायला सांगा. सोयरीक जुळवताना आपण यापेक्षा जास्त चौकशी करतो.

दुसरा मुद्दा शेवटच्या गावाचा. वाटेतल्या घरांनी नळाला थेट मोटार लावली की शेवटच्या वस्तीवर तोटीतून आधी नुसती हवा फुसफुसते, मग गढूळ धार, आणि हंडा अर्धा भरेपर्यंत व्हॉल्व बंद होतो. रात्री दोनला उठून पिंप भरणाऱ्या बाईला योजना ‘प्रादेशिक’ असल्याचं काहीही समाधान नसतं. तुमचं गाव लाइनच्या टोकाला असेल तर गावात स्वतःची साठवण टाकी असल्याशिवाय होकार देऊ नका.

शुद्धतेत मात्र सामायिक योजना पुढे, कारण गाळण, क्लोरीन आणि तपासणीची नीट सोय एकट्या गावाला परवडत नाही. विहिरीवर बहुधा टीसीएल (ब्लीचिंग) पावडरवरच भागवलं जातं, आणि त्याने पाण्यातले क्षार किंवा नायट्रेट जात नाहीत.

मला सगळ्यात पटणारा मार्ग मधला आहे. म्हैसाळ किंवा टेंभू या उपसा सिंचन योजनांच्या पाण्याने भरणारा तलाव जवळ असेल तर तीन-चार गावांनी मिळून छोटी योजना करावी. चढ कमी, बिल कमी, आणि कुणी थकवलं तर पारावर बसून विचारता येतं. अट एकच: तलावातला पिण्याचा साठा राखीव असल्याचं लेखी घ्या, नाहीतर आवर्तन (पाणी सोडण्याची पाळी) लांबलं की शेतीच्या मोटारी तळ गाठतात.

एकंदरीत, टंचाईच्या वर्षातही विहीर मे महिन्यापर्यंत टिकल्याचं जुनी माणसं छातीठोकपणे सांगत असतील, तर स्वतंत्र योजना करा. तसं नसेल आणि जवळ तलावही नसेल, तर मोठ्या योजनेत जा, पण ठरावात चार गोष्टी लिहूनच. प्रत्येक गावाच्या वेशीवर मीटर आणि स्वतंत्र व्हॉल्व. मीटरप्रमाणे बिल, आणि थकबाकीदार गावाचा व्हॉल्व बंद करण्याचा सगळ्या गावांच्या शिखर समितीला अधिकार. समितीच्या बैठकीत शेवटच्या गावातल्या महिला सदस्याला कायमची जागा. आणि चौथी, जुनी विहीर बुजवायची नाही; तिचा गाळ दरवर्षी काढायचा, पंप चालू स्थितीत ठेवायचा, त्याचा खर्च पाणीपट्टीतूनच.