बुटीबोरीहून बर्डी: थेट एसटी की खापरीहून मेट्रो?

बुटीबोरीजवळच्या आमच्या गावातून रोज नागपुरात बर्डीला (सीताबर्डीला) शिकायला जाणाऱ्या भाचीने थेट एसटी धरावी की खापरीला उतरून मेट्रो, हा प्रश्न घरात पडला आहे. खर्चात एसटी सरस ठरते, कारण मार्च २०२३ पासून महिलांना निम्मेच भाडे लागते. वेळेची खात्री मात्र मेट्रोची: मार्च २०१९ मध्ये खापरी-सीताबर्डी सुरू झालेली आणि डिसेंबर २०२२ मध्ये ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत पोहोचलेली नारिंगी मार्गिका वर्धा रोडच्या गर्दीवरून, बहुतांशी खांबांवरून धावते. बुटीबोरी एमआयडीसीपर्यंतचा दुसरा टप्पा होईपर्यंत खापरीची उतरचढ टळणार नाही. सकाळचा तास गाठायचा असल्यास मेट्रो घ्यावी. धान्याचे पोते सोबत असल्यास एसटीच बरी.