दहा तासांची ‘जॉब इन्स्ट्रक्शन’ कार्यशाळा: पैसे कुठे वसूल होतात, कुठे वाया जातात

चाकण, वाळूज, सातपूर, बुटीबोरी, कुठल्याही एमआयडीसीतल्या एचआरच्या टेबलावर बघा, प्रशिक्षणाची पत्रकं पडलेली असतात. टीम बिल्डिंग, टाइम मॅनेजमेंट, लीडरशिप, फाइव्ह एस. यातलं एकच घेण्याइतकं बजेट असेल आणि ते लाईनवरच्या सुपरवायझरसाठी वापरायचं असेल, तर आधी ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ या सुपरवायझरसाठीच्या जुन्या अमेरिकी कार्यक्रमातली ‘जॉब इन्स्ट्रक्शन’ ही कार्यशाळा घ्या. नवीन माणसाला काम कसं शिकवायचं, एवढाच तिचा विषय आहे. पण मूळ कार्यशाळा आणि त्या नावाखाली जे विकलं जातं ते, यात बराच फरक पडू शकतो. तो फरक ऑर्डर देण्याआधी कळायला हवा.

‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ हा सरकारी कार्यक्रम अमेरिकेत १९४० साली युद्धाच्या तयारीत सुरू झाला. कसबी कामगार सैन्यात गेले, कारखान्यात यंत्र कधीही न पाहिलेली माणसं आली आणि त्यांना महिन्यांऐवजी दिवसांत तयार करायची वेळ आली. १९४५ साली तो बंद होईपर्यंत १६ लाखांहून अधिक लोक त्यातल्या कार्यशाळांतून शिकून गेले होते. युद्धानंतर ही पद्धत जपानमध्ये पोहोचली आणि टोयोटाने १९५०च्या दशकात ती उचलली. आपल्याकडची गरजही त्याच जातीची आहे. कंत्राटी हेल्पर बदलतात, अप्रेंटिसची बॅच मुदत संपली की जाते, आणि ‘त्या अमुकच्या शेजारी उभा राहा, बघून शिक’ यालाच प्रशिक्षण म्हटलं जातं.

मूळ रचना अशी: रोज दोन तास, असे पाच दिवस. एका गटात जास्तीत जास्त दहा जण. हे आकडे हवेतून आलेले नाहीत. दहाही जणांनी आपापल्या खात्यातलं एक खरं काम आणून सगळ्यांसमोर शिकवून दाखवायचं असतं आणि त्यावर बाकीच्यांनी बोलायचं असतं. दहाच्या वर माणसं गेली की दहा तासांत ते बसत नाही. मग ट्रेनर काहींना करायला लावतो, उरलेल्यांना बघायला. बघून शिकत नाही माणूस, हेच तर इथे शिकवायचं असतं.

पहिल्या दिवशीचा गाठीचा प्रयोग हा कार्यशाळेचा सगळ्यात भक्कम भाग. पीळ घातलेल्या दुपदरी वायरचा हातभर तुकडा घेतात. लोंबत्या बल्बच्या होल्डरच्या टोपीत जी गाठ असते ना, बल्बचं वजन स्क्रूवर येऊ नये म्हणून मारलेली, तीच गाठ. ट्रेनर एकाला पुढे बोलावतो आणि गाठ कशी मारायची ते फक्त तोंडी सांगतो. वर्णन बिनचूक असतं, तरी गाठ जमत नाही. मग दुसऱ्याला बोलावून समोर उभं करतो आणि एक शब्दही न बोलता गाठ मारून दाखवतो. तीही जमत नाही, कारण समोरून बघणाऱ्याला उजवं ते डावं दिसतं आणि बोटांच्या आड नेमकं काय झालं ते दिसतच नाही. तिसऱ्याला मात्र शेजारी, त्याच बाजूला उभं करून पद्धतीप्रमाणे शिकवतो. पीळ सोडून टोकं सरळ करायची, साधारण सहा इंच. मग उजवा फास, तो मुख्य वायरच्या समोरून. मग डावा फास, तो आपल्याकडे ओढून, टोकाच्या खालून, मुख्य वायरच्या मागून. टोक फासातून काढायचं. शेवटी दोन्ही टोकं सारखी धरून ओढायचं. काही मिनिटांत गाठ बसते. खोलीतले वीस वर्षं नोकरी केलेले सुपरवायझर इथे गप्प होतात, कारण पहिल्या दोघांसोबत जे झालं तेच ते रोज लाईनवर करत असतात.

ट्रेनर हा प्रयोग नीट करतो की उरकतो, यावरून त्याची पारख होते. काही जण गाठीऐवजी कागदाचं विमान किंवा व्हिडिओ वापरतात. विमान बऱ्याच जणांना आधीच येत असतं, त्यामुळे ‘सांगून येत नाही, दाखवून येत नाही’ हा धक्काच बसत नाही.

त्यानंतर पद्धतीच्या चार पायऱ्या येतात. शिकणाऱ्याला तयार करणं, काम मांडणं, त्याच्याकडून करून घेणं आणि पाठपुरावा. ऐकायला सोपं वाटतं. खरी मेहनत दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीत आहे. काम एकदा दाखवून भागत नाही. पहिल्या फेरीत फक्त मुख्य टप्पे सांगत करून दाखवायचं. दुसऱ्या फेरीत तेच टप्पे, सोबत ‘किल्लीचे मुद्दे’. तिसऱ्या फेरीत टप्पे, मुद्दे आणि त्यामागचं कारण. शिकणाऱ्याच्या पाळीतही तसंच. आधी त्याने मुकाट्याने करायचं आणि चूक दिसली की तिथल्या तिथे थांबवायचं. मग टप्पे बोलत, मग मुद्दे बोलत, मग कारणं बोलत. ‘समजलं का?’ हा प्रश्न इथे बाद आहे, कारण त्याचं उत्तर नेहमी ‘हो’च येतं. या पद्धतीचं खिशात ठेवायचं जे कार्ड असतं, त्यावरचं वाक्य सरळ आहे: कामगार शिकला नसेल, तर शिकवणाऱ्याने शिकवलेलं नाही.

किल्लीचा मुद्दा ठरवायच्या कसोट्या तीनच. ज्याने काम बनतं किंवा बिघडतं, ज्याने इजा होऊ शकते, आणि ज्याने काम हाताला सोपं जातं. बाकी सगळं गाळायचं. यासाठी जो तक्ता भरतात, त्याला ‘जॉब ब्रेकडाऊन शीट’ म्हणतात. कार्यशाळेतला सगळ्यात जास्त वेळ यावर जायला हवा आणि बहुतेक ठिकाणी सगळ्यात कमी जातो.

उदाहरणाला आट्यांच्या फिटिंगवर ओ-रिंग, म्हणजे गळती रोखणारी रबरी कडी, चढवायचं काम घ्या. अर्ध्या मिनिटाचं काम, पण गळतीच्या तक्रारी इथूनच निघतात. पहिल्यांदा शीट भरणारा हमखास लिहितो: ‘ओ-रिंग काळजीपूर्वक बसवावी.’ या ‘काळजीपूर्वक’मध्ये काहीच नाही, नवीन पोराने बोटाने करायचं काय? चांगला ट्रेनर त्याला यंत्रावर परत पाठवतो, काम हाताने करायला लावतो आणि प्रत्येक ठिकाणी विचारतो, ‘आत्ता काय केलंस? का?’ मग शीट अशी उतरते. टप्पा पहिला, रिंग तपासा. मुद्दा, थोडी ताणून बोट फिरवा. कारण, बारीक चीर ताणल्याशिवाय दिसत नाही. टप्पा दुसरा, ग्रीस लावा. मुद्दा, पातळ थर, सगळीकडून. कारण, कोरडी रिंग अडकते आणि पीळ खाते. टप्पा तिसरा, रिंग चढवा. मुद्दे दोन, आट्यांवर प्लास्टिकची टोपी घाला आणि रिंग घरंगळू न देता सरकवा. कारण, आट्यांची धार रबर कापते आणि घरंगळलेली रिंग पिळलेली बसते. टप्पा चौथा, खाचेत बसवून बघा. मुद्दा, रिंगवरची साच्याची रेघ सरळ दिसली पाहिजे. कारण, रेघ तिरकी गेली म्हणजे पीळ आहे.

चार टप्पे, पाच मुद्दे. एका बैठकीत शिकवायला एवढंच पुरे. टप्पे सात-आठच्या पुढे गेले तर कामाचे दोन तुकडे करून वेगवेगळं शिकवायचं. आणखी एक गोष्ट, जिच्यावर घोळ होतोच: ही शीट शिकवणाऱ्याची टिपणं आहेत. ती लॅमिनेट करून यंत्रावर टांगली किंवा शिकणाऱ्याच्या हातात दिली, की तो कागद वाचतो आणि हात बघत नाही. एसओपी, म्हणजे काम कसं करायचं याची कंपनीची लेखी पद्धत, वेगळी; शीट वेगळी. ऑडिटच्या फाइलसाठी शीटचे गठ्ठे छापून घेणारे कारखाने आहेत. शिकवताना त्यांच्याकडे कोणी ती उघडत नाही.

भाषेचं म्हणाल तर कार्ड आणि शीट लाईनवरच्या भाषेतच हवी. ‘बर काढा’, ‘आटे मारू नका’, ‘फिक्स्चरला जॉब टेकवा’ असं तिथे बोलतात. पाठ्यपुस्तकी मराठी नको आणि कॉर्पोरेट इंग्रजीही नको. समोरचा पोरगा बिहार, ओडिशाकडचा असेल तर टप्प्यांची नावं हिंदीत, पण तीही दोन-तीन शब्दांचीच. ट्रेनरची स्लाइड इंग्रजीत असली तरी चालेल. सुपरवायझरच्या तोंडून निघणारा शब्द ठरलेला हवा, कारण तीच फेरी तीनदा करताना दर वेळी शब्द बदलला तर शिकणाऱ्याला ते नवीन काम वाटतं.

दुसरं साधन म्हणजे प्रशिक्षणाचं वेळापत्रक. आडव्या ओळीत माणसांची नावं, उभ्या रांगेत कामं, ज्याला जे येतं तिथे खूण, आणि जिथे रिकामं आहे तिथे तारीख. ‘शिकवायचं आहे’ असं न लिहिता अमुक तारखेपर्यंत असं लिहायचं. एका कामावर एकच खूण दिसली की धोका तिथेच दिसतो, तो माणूस गावी गेला की लाईन थांबते. गणपती, दिवाळी, मे महिन्यातली लग्नं, या सुट्ट्यांच्या दोन महिने आधी हा तक्ता भरला तर त्याचा खरा उपयोग होतो.

आता बिघडतं कुठे ते. सगळ्यात मोठा घोळ एका दिवसात कोंबण्याचा. हॉटेलचा हॉल, तीस माणसं, नऊ ते पाच, मध्ये जेवण, शेवटी सर्टिफिकेट आणि ग्रुप फोटो. पाच दिवसांची रचना अशासाठी आहे की, दोन तासांनंतर माणूस लाईनवर परत जातो, स्वतःचं काम मोडून शीट लिहितो आणि दुसऱ्या दिवशी घेऊन येतो. ही मधली रात्र काढून टाकली की उरतं ते भाषण. शिफ्टचा प्रश्न असेल तर शिफ्ट बदलण्याच्या वेळेला लागून दोन तास ठेवता येतात, पहिल्या शिफ्टच्या शेवटी किंवा दुसरीच्या आधी. महिनाअखेरीचा आठवडा मात्र टाळा, डिस्पॅच अडकलं की सुपरवायझर फोनवर बाहेर जाणार, आणि एक बैठक चुकली की त्याचं प्रात्यक्षिक चुकलं.

जागाही महत्त्वाची. व्हाइस, टेबल, खरे पार्ट, खरी हत्यारं हवीत. ओ-रिंग, क्रिम्पिंग, गेजने माप घेणं, पॅकिंग, लेबल लावणं अशी हातात धरता येणारी कामं आणा. ‘सीएनसी सेटिंग’ (संगणकावर चालणारं यंत्र कामासाठी लावणं) म्हणून कोणी येतो तेव्हा ते एक काम नसतं, दहा कामं असतात. त्याने फक्त टूल ऑफसेट (हत्याराच्या मापाची दुरुस्ती) भरणं किंवा यंत्रावर जॉब घट्ट करणं आणावं. माणसंही तपासून पाठवा. ज्याच्या हाताखाली खरोखर नवीन माणसं येतात, तो सुपरवायझर, लाईन लीडर, जुना ऑपरेटर. नामनिर्देशन एचआरने केलं की बरेचदा जो रिकामा सापडतो तो येतो.

शेवटी वाटतात तो फीडबॅक फॉर्म बघून समाधान मानू नका. डोनाल्ड किर्कपॅट्रिक यांनी १९५९ साली प्रशिक्षण मोजायच्या चार पातळ्या मांडल्या: माणसांना कसं वाटलं, ती काय शिकली, कामावर गेल्यावर काय बदललं, आणि परिणाम काय झाला. पाचपैकी पाच तारे म्हणजे फक्त पहिली पातळी. तिसरी बघायची तर लाईनवर उभं राहावं लागतं. महिन्याभराने जा आणि सुपरवायझर नवीन माणसाच्या शेजारी उभा राहतो की समोर, तीन फेऱ्या करतो की एक, एवढं बघा. चौथीसाठी एकच आकडा धरा, आधी आणि नंतर: नवीन माणूस एकटा उभा करायला लागणारे दिवस, किंवा त्याच स्टेशनवरचं रिवर्क, म्हणजे पुन्हा करावं लागलेलं काम. कारखान्याचा एकूण नफा याला जोडायला गेलात तर काहीच सिद्ध होणार नाही.

दर विचारताना माणशी दर घेऊ नका. माणशी दरात ट्रेनरचा फायदा गर्दीत असतो, तुमचा दहाच्या गटात. बॅचचा ठोक दर घ्या, त्यावर १८ टक्के जीएसटी धरा, आणि पर्चेस ऑर्डरमध्ये चार ओळी स्पष्ट लिहा: गट दहाच्या आत, पाच दिवस रोज दोन तास, प्रत्येकाचं प्रात्यक्षिक, आणि ३० दिवसांनी लाईनवर येऊन अर्धा दिवस पाहणी. शेवटच्या ओळीवर खळखळ करणाऱ्याला काम देऊ नका. चांगल्या ट्रेनरलाही ती फेरी हवी असते, कारण शीट कुठे मोडली ते त्याला तिथेच कळतं.

याच कुटुंबातल्या दोन कार्यशाळा सोबत विकल्या जातात. ‘जॉब मेथड्स’मध्ये कामाचा प्रत्येक बारीक भाग तपासून गाळणं, जोडणं, क्रम बदलणं, सोपं करणं शिकवतात. ती दुसऱ्या नंबरवर घ्या, पण शीट भरायला हात बसल्यावर, निदान तीन महिन्यांनी. ‘जॉब रिलेशन्स’ माणसांमधल्या तंट्यांवर आहे: आधी माहिती गोळा करा, तोला, कृती करा, परिणाम बघा. विषय मोलाचा, पण खोलीत आणायचे प्रसंग खरे असतात आणि त्यातली माणसं शेजारच्याच लाईनवर असतात. गुप्तता पाळणारा, अनुभवी ट्रेनर असेल तरच घ्या. तिन्ही एका आठवड्यात देणारी सवलत आली तर सरळ नाही म्हणा.

ज्यांच्याकडे वर्षात दोन-चारच नवीन माणसं येतात त्या छोट्या वर्कशॉपने बाहेरून ट्रेनर बोलवायची गरज नाही. तुमच्यातला जो सगळ्यात शांतपणे शिकवतो त्याला शेजारच्या मोठ्या कंपनीच्या बॅचमध्ये एक जागा मिळवून द्या, आणि तो परत आल्यावर पहिल्या आठवड्यात त्याच्याकडून तीन शीट भरून घ्या. सुरुवात त्या स्टेशनपासून करा, जिथे सध्या सगळ्यात जास्त माल परत येतो.