कोल्हापूरच्या राजारामपुरीतला रिसर्च मेथड्सचा क्लास : साडेतीन स्टार, अर्धा कापला तो झेरॉक्समुळं

एम.ए. झालं, पीएचडीचं कोर्सवर्क पण झालं, पण जुनी हिशेबाची वही समोर आली की तिचं करायचं काय हे कुणी शिकवलंच नव्हतं. म्हणून आर्थिक इतिहासाचा हा क्लास लावला. 8 रविवार, फी 6,500. पुढं तक्रार पण आहे, त्यामुळं क्लासचं नाव लिहीत नाही.

पहिले चार रविवार एक नंबर. सरांनी आल्या आल्या लॅपटॉप बंद करायला लावले आणि गुळाच्या अडत दुकानातल्या जुन्या वह्यांची पानं हातात दिली, सगळी मोडी लिपीत. मोडीत शब्दांमधे जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा फरक नाही, आम्हा पाच जणांना पहिलं पान लावायलाच दोन तास गेले. त्यात साल फसली सनातलं, म्हणजे शेतसाऱ्यासाठी चालायची ती जुनी कालगणना. 1328 मधे 590 मिळवले की 1918, पण नोंद जानेवारी ते मे मधली असली तर 591, कारण फसली वर्ष जूनमधे मृगाला बदलतं. मी सरसकट 590 धरले आणि 1918 चा पाऊस दडी मारायच्या आधीच भाव चढवून मोकळा झालो! एकानं 3 रुपये 8 आणे 6 पै हे एक्सेलमधे 3.86 असं टाकलं होतं. रुपयाचे 16 आणे, आण्याच्या 12 पै, म्हणजे रुपयाच्या 192 पै, त्यामुळं ते येतं 3.53.

खरी मजा मणाची. दोन वह्यांचे भाव एका ग्राफवर घेतले तर गूळ एकदम जवळजवळ तिप्पट महाग. आम्ही लगेच सुरू, महायुद्ध, इन्फ्लुएन्झा, रेल्वेला वॅगन नाहीत, काय काय. सर गप ऐकत बसले, चहा संपला तसं म्हणाले, "मण कुठला ते बघितलासा काय?" एक वही 28 पौंडाच्या मुंबई मणात, दुसरी 82 पौंडाच्या सरकारी मणात. भाव जागच्या जागीच होता, माप बदललेलं. त्या एका तासात फी वसूल.

पण पाचव्या रविवारपासून गाडी घसरली. आर (R) हे स्टॅटिस्टिक्सचं सॉफ्टवेअर इन्स्टॉल करण्यातच एक दिवस गेला, भावांचा निर्देशांक आणि रिग्रेशन दोन रविवारात उरकलं, निर्देशांकात ज्याच्याशी तुलना करायची ते आधार वर्ष कुठलं आणि का धरायचं हे विचारलं तर "पीपीटीत आहे बघा". पीपीटी अजून ग्रुपवर आलेली नाही, रेकॉर्डिंग पण नाही. आणि झेरॉक्स एवढी फिकट की मोडीचा न आणि त सोडाच, ओळ कुठली हेच कळंना. त्याचे वर 200 रुपये वेगळे घेतले राव.

स्टॅटिस्टिक्स येत असेल आणि कागद वाचता येत नसतील तर डोळे झाकून लावा. उलटं असेल तर नको. पुढची बॅच दिवाळीनंतर आहे म्हणतात, जाणार असाल तर पानांचे फोटो पहिल्याच दिवशी मोबाईलवर मागून घ्या.