धावण्यापूर्वी स्ट्रेचिंग की हलका वॉर्म-अप?

एका जागी उभे राहून पोटरी-मांडीचे स्नायू ताणून धरण्याच्या पहिल्या पर्यायाची कसून परीक्षा ऑस्ट्रेलियन सैन्यात झाली आहे. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 1,538 नवसैनिकांना वॉर्म-अप दिला गेला. त्यांपैकी एका गटाने त्यासोबत पायांच्या सहा स्नायुगटांना प्रत्येकी 20 सेकंद ताण दिला. 12 आठवड्यांत स्ट्रेचिंग करणाऱ्या गटात पायांच्या 158, तर दुसऱ्या गटात 175 दुखापती झाल्या. हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या अर्थपूर्ण ठरला नाही. दुखापतीचा अंदाज देण्यात मूळची तंदुरुस्तीच अधिक उपयोगी पडली. यात नवल नाही, कारण नडगीचे दुखणे किंवा हाडातील सूक्ष्म भेग बहुधा वारंवार पडणाऱ्या भारातून उद्भवते, आखडलेल्या स्नायूंतून नव्हे.

पाच-दहा मिनिटे चालणे, हळू धावणे आणि पाय झुलवणे या दुसऱ्या पर्यायाने स्नायूंचे तापमान व रक्तपुरवठा वाढतो. धावपटूंच्या दुखापती त्याने टळतातच, असा भक्कम पुरावा त्याच्याही बाजूने नाही. मात्र एकेक स्नायू मिनिटभराहून अधिक ताणल्यास त्याची ताकद काही काळ घटते, तसा तोटा येथे होत नाही. त्यामुळे वेगाच्या सरावाआधी मी निःसंकोचपणे दुसरा पर्याय सुचवेन. लवचीकता वाढवायची असल्यास ताणण्याचे व्यायाम धावून झाल्यावरही करता येतात.