सिएटलचं म्युझियम ऑफ फ्लाईट: टेस्ट पायलटांनी पिळून काढलेली विमानं जवळून बघायची असतील तर इथेच

सिएटलला कोणी येणार असेल, किंवा इथे राहणाऱ्यांचे आईबाबा उन्हाळ्यात येणार असतील, तर स्पेस नीडल आणि माउंट रेनियरच्या यादीत म्युझियम ऑफ फ्लाईट टाकाच आणि त्याला अर्धा नाही, अख्खा दिवस द्या. बोइंग फील्ड म्हणून जो विमानतळ आहे त्याला लागूनच हे म्युझियम आहे, आणि मोठी विमानं रस्त्याच्या पलीकडच्या पॅव्हिलियनमध्ये ठेवली आहेत, तिकडे जायला वरून पूल आहे.

बहुतेक लोक कॉन्कॉर्ड आणि एअर फोर्स वनमध्ये चढतात, फोटो काढतात आणि निघतात. ती दोन्ही बघाच, पण माझ्या मते खरा खजिना आहे तो बाकीच्या चार विमानांत. बोइंगचं पहिलं ७२७, पहिलं ७३७, पहिलं ७४७ आणि तिसरं ७८७. म्हणजे त्या त्या मॉडेलचं कुठलंतरी रिटायर झालेलं विमान आणून ठेवलंय असं नाही, ज्यांना टेस्ट पायलटांनी पार शेवटच्या टोकापर्यंत ताणलं आणि ज्यांच्या जिवावर पुढची हजारो विमानं पॅसेंजर घेऊन उडाली, तीच ही विमानं. जगात एका छपराखाली असं दुसरीकडे बघायला मिळेल असं मला तरी वाटत नाही.

आम्ही गेलो तेव्हा बाबा बरोबर होते. त्यांची सगळी नोकरी एअर इंडियात, सांताक्रूझच्या हँगरमध्ये जम्बोच्या, म्हणजे ७४७ च्याच, मेंटेनन्सवर गेली, त्यामुळे लाल-पांढरं ७४७ दिसल्यावर ते आत चढायच्या आधी सरळ पोटाखाली गेले आणि चाकांपाशी उभे राहिले. मागे चार पायांवर सोळा चाकं, पुढे नाकाखाली दोन. बाबा सांगत होते की चारपैकी दोन पाय उघडले नाहीत तरी विमान उतरवता येईल असं डिझाईन आहे आणि हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या, सिस्टिमही एकमेकींपासून वेगळ्या अशा चार आहेत, एक गेली तर दुसरी, दुसरी गेली तर तिसरी. तिथले एक डोसेंट, म्हणजे स्वयंसेवक गाईड, हे ऐकून जवळ आले आणि मग दोघांची जी गट्टी जमली ती जमलीच, आम्ही बाकीचे नुसते मागे मागे.

हे विमान ९ फेब्रुवारी १९६९ ला सिएटलजवळच्या एव्हरेटच्या पेन फील्डवरून पहिल्यांदा उडालं. जॅक वॉडेल कॅप्टन, ब्रायन वायगल को-पायलट आणि जेस वॉलिक फ्लाईट इंजिनिअर, एवढ्या प्रचंड विमानात फक्त तिघं. कॉकपिट जमिनीपासून जवळजवळ तीन मजले वर, एवढ्या उंचीवरून विमान जमिनीवर वळवायचं कसं याचा तेव्हा कोणालाच अनुभव नव्हता, म्हणून आधी ट्रकवर खांब उभारून त्यावर खोटं कॉकपिट बसवलं आणि त्यातून प्रॅक्टिस केली, त्याला सगळे वॉडेलची वॅगन म्हणायचे. पहिल्याच फ्लाईटमध्ये फ्लॅपचा, म्हणजे विंगच्या मागच्या हलत्या भागाचा, एक तुकडा सैल झाला म्हणून वॉडेलने फ्लाईट लवकर आवरती घेतली. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. टेस्ट पायलट म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर कोणीतरी बेफिकीर धाडसी माणूस येतो, पण या लोकांची खरी कमाल कुठे थांबायचं हे कळण्यात आहे.

आणि पुढे थांबले नाहीत ते! सुरुवातीच्या टेस्टमध्ये विंगला फ्लटर येतोय असं दिसलं. फ्लटर म्हणजे ठराविक वेगाच्या वर विंग हवेच्या तालात थरथरायला लागते आणि ती थरथर वाढत गेली तर विंग तुटू शकते. हे तपासायचं म्हणजे विमान मुद्दाम सूर मारून नेहमीच्या कमाल वेगाच्याही पुढे न्यायचं, आवाजाच्या वेगाच्या जवळपास, कंट्रोलला झटका द्यायचा आणि थरथर आपोआप विरते का बघायचं, विरली की अजून थोडा वेग वाढवून परत तेच. शेवटी बाहेरच्या इंजिनांच्या आवरणात डिप्लिटेड युरेनियम या अतिशय जड धातूची वजनं बसवून तो प्रश्न सोडवला. इंजिनांचा त्रास वेगळाच, नव्या इंजिनाचं बाहेरचं आवरण जोर लावला की किंचित अंडाकृती व्हायचं, आतली पाती घासायची, इंजिनं इतकी कमी पडली की तयार विमानं विंगखाली सिमेंटचे ठोकळे लटकवून एव्हरेटला उभी होती. बाबा म्हणाले, आमच्याकडे १९७१ मध्ये पहिलं जम्बो आलं तोपर्यंत यांनी बरंच निस्तरून ठेवलं होतं.

डोसेंट काकांना मी विचारलं की सगळ्यात अवघड टेस्ट कुठली. त्यांनी दोन सांगितल्या. पहिली ब्रेकची. विमान पूर्ण वजनाला भरायचं, ब्रेक मुद्दाम झिजलेले लावायचे, टेकऑफचा निर्णय घ्यायच्या वेगापर्यंत रनवेवर पळवायचं आणि तिथून फक्त ब्रेकवर थांबवायचं. ब्रेक हजार डिग्रीच्या वर तापून लालभडक होतात, पण फायर ब्रिगेडने पाच मिनिटं हात लावायचा नाही, कारण प्रत्यक्षात मदत पोचायला तेवढा वेळ लागू शकतो. टायर फुटू नयेत म्हणून चाकात वितळणारी बुचं असतात, ती वितळून हवा हळूहळू सोडतात. दुसरी म्हणजे जितक्या कमी वेगाला उडता येईल तितक्या कमी वेगाला उडून दाखवायचं, त्यासाठी नाक इतकं वर उचलायचं की शेपूट रनवेवर घासत जातं, म्हणून शेपटीखाली खास संरक्षण लावलेलं असतं. हे ऐकल्यावर परत त्या ७४७ च्या शेपटीखाली जाऊन वर बघा, एवढा मोठा जीव कसा घासत नेला असेल या विचारानेच पोटात गोळा येतो. तुमच्या प्रत्येक विमानप्रवासात जो टेकऑफ असतो ना, त्यातला प्रत्येक वेग, प्रत्येक रनवेची लांबी अशा टेस्टमधून आलेली असते.

७२७ मध्येही जा. हेही ९ फेब्रुवारीलाच उडालेलं, पण १९६३ च्या, आणि कॅप्टन होता लू वॉलिक, म्हणजे ७४७ च्या जेस वॉलिकचा भाऊ. टेस्टनंतर हेच विमान युनायटेडकडे गेलं, १९९१ पर्यंत पॅसेंजर नेले, मग स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं खपून दुरुस्त केलं आणि २ मार्च २०१६ ला छोटीशी शेवटची फ्लाईट करून ते इथे आलं. ७३७ तर ९ एप्रिल १९६७ ला समोरच्याच रनवेवरून उडालं, वायगल आणि लू वॉलिक. नंतर ते नासाने घेतलं आणि त्यात पॅसेंजरच्या जागी दुसरं कॉकपिट बसवलं, पुढे सेफ्टीचे पायलट आणि मागून बिनखिडकीच्या कॉकपिटमधून नव्या स्क्रीन बघत विमान उडवायचे.

७८७ मुलांना जास्त आवडतं कारण ते ओळखीचं वाटतं. पहिली तीन ७८७ टेस्टच्या काळात इतकी बदलली की विकण्यासारखी राहिली नव्हती, ती जपानमध्ये नागोया, अ‍ॅरिझोनात टुसॉन आणि इथे अशी गेली. इथलं तिसरं, २०१० च्या एप्रिलमध्ये फ्लोरिडातल्या एग्लिन एअर बेसच्या महाकाय खोलीत ठेवून उणे ४३ डिग्रीपर्यंत गोठवलं आणि मग ४६ पर्यंत तापवलं, आणि दोन्ही वेळा सगळं चालू होतंय ना बघितलं. ४६ म्हणजे आपल्या विदर्भातला मे महिना, माझी नागपूरची मैत्रीण हे ऐकून लगेच म्हणाली की मग ठीक आहे, चालेल.

एक गोष्ट मात्र तिथे कळल्यावर मी बराच वेळ गप्प झाले. पॅव्हिलियनमध्ये बी-२९ बॉम्बर आहे. १९४३ च्या फेब्रुवारीत त्याच मॉडेलच्या प्रोटोटाईपच्या इंजिनाला आग लागली आणि ते बोइंग फील्डकडे परतताना तिथे पोचायच्या आधीच एका मांस प्रक्रियेच्या कारखान्यावर कोसळलं. बोइंगच्या टेस्ट विभागाचे प्रमुख एडी अ‍ॅलन त्यात गेले, बरोबरची सगळी माणसं गेली, कारखान्यातलीही गेली. टेस्ट एका ठराविक क्रमाने, आधी इंजिनिअरिंगचा नीट अभ्यास करून करायची ही शिस्त लावणाऱ्यांपैकी ते एक होते. चकचकीत रंग दिलेल्या विमानांच्या मध्ये फिरताना हे माहीत असलेलं बरं.

आता कामाचं. पॅव्हिलियनला छप्पर आहे पण बाजू उघड्या आहेत, नोव्हेंबर ते मार्च जॅकेटशिवाय जाऊ नका. सकाळी १० ला उघडतं, ५ ला बंद होतं, उघडतानाच पोचा आणि आधी पूल ओलांडून पॅव्हिलियनला जा, गर्दी व्हायच्या आत ७४७ च्या पोटाखाली निवांत उभं राहता येतं. मूळ इमारतीतलं लाल लाकडी बार्न, जिथे बोइंगची सुरुवात झाली, ते दुपारी बघा. पाच वर्षांच्या आतली मुलं असतील तर सगळं एका दिवसात होणार नाही. आणि डोसेंट दिसले की लाजू नका, सरळ विचारा, त्यांच्यात बोइंगमधून रिटायर झालेले बरेच जण असतात आणि कोणी विचारलं की त्यांना मनापासून आनंद होतो. बाबांशी गट्टी जमलेले ते डोसेंट काका तर आम्ही निघताना म्हणाले की पुढच्या वेळी आलात की सांगा, हायड्रॉलिकवर अजून बोलायचं राहिलंय.