स्टीलच्या जाळीचा हातमोजा: सुरीच्या कामाला एकदम भारी, चालू मशीनजवळ अजिबात नको

दोन वर्षं झाली हा ग्लोव्ह वापरतोय, मीट प्लांटमध्ये डीबोनिंगच्या, म्हणजे मांसातून हाडं काढायच्या लाईनवर. डाव्या हातात घालतो, कारण सुरी उजव्या हातात असते आणि निसटली की आधी डावा हातच सापडतो.

सुरीसाठी याला तोड नाही. स्टेनलेस स्टीलच्या बारीक कड्या, एकेक वेल्ड केलेली, पातं वरून नुसतं सरकून जातं. एकदा खांद्याचं हाड सोडवताना सुरी सटकली आणि टोक थेट अंगठ्याच्या बुडाशी बसलं, आठवडाभर काळंनिळं होतं पण रक्त नाही आलं. विणलेला कट-रेझिस्टंट ग्लोव्ह असता तर टोक आत गेलं असतं, त्याच्यावर ए ते एफ लेव्हल छापलेली असते, एफ म्हणजे ३० न्यूटन किंवा त्याहून जास्त जोर, पण ती टेस्ट पातं ओढून कापायची असते, भोसकण्याची नाही, लोकांना वाटतं एफ म्हणजे झालं.

साइझ पट्ट्याच्या रंगावरून कळतो, पांढरा स्मॉल, लाल मीडियम, निळा लार्ज. मी आधी निळा घेतला, बोटांच्या टोकाला जाळी लोंबायची, मग लाल घेतला. आतून पातळ कॉटनचा मोजा घालाच, गारठ्यात स्टील गार पडतं आणि बोटं बधिर झाली की पकड जाते. कड्यांमध्ये चरबी अडकते, रोज ब्रश आणि गरम पाण्याने धुवायचा आणि उजेडात धरून एकेक बोट तपासायचं. कडी तुटलेली असेल तर वापरू नका.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते. विकणाऱ्याने सांगितलं होतं "सगळ्या कामाला चालतो". नाही चालत! बँडसॉ (हाडं कापायची पट्ट्याची करवत), ग्राइंडर, स्किनर (कातडी सोलायचं मशीन), यांच्याजवळ हा ग्लोव्ह घालून जायचंच नाही. स्किनरला दातेरी रोलर असतो, तो कातडी पकडून ब्लेडकडे ओढतो आणि तशीच जाळीही ओढतो, आणि स्टील फाटत नाही त्यामुळे हात सुटतच नाही.

आमच्या लाईनवरच्या एका पोराला सुपरवायझरने हाच ग्लोव्ह देऊन स्किनरवर उभं केलं, कातडीचा तुकडा अडकला म्हणून त्याने मशीन चालू असतानाच चिमटीत धरायला हात घातला आणि एक कडी दात्यात गेली. मी चार पावलांवर होतो, कड्या चुरडल्याचा तो करकर आवाज अजून कानात आहे. कुणीतरी लाल बटण दाबलं तोवर मधल्या बोटाचं वरचं पेर गेलं होतं, रोलर खोलून हात काढावा लागला. घाईत आम्ही तो तुकडा सरळ बर्फात टाकला, तिथेही चुकलो, डॉक्टर म्हणाले थेट बर्फाने तो गोठून खराब होतो, ओल्या स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळून पिशवीत बंद करायचा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवायची. पेर जोडता आलं नाही. पोरगा अजून शर्टाची बटणं दुसऱ्या हाताने लावतो.

मशीनवर बोटं वाचवायला गार्ड लागतो, ग्राइंडरला मांस ढकलायचा दांडा लागतो, आणि अडकलेलं काढायचं असेल तर आधी मेन स्विच बंद, त्याला स्वतःचं कुलूप आणि चावी स्वतःच्या खिशात. बटण बंद केलंय म्हणून हात घालू नका, पलीकडचा माणूस चालू करू शकतो.

सुरीच्या कामाला पाचपैकी पाच. तरी इथे तीनच देतोय, कारण पाकिटावर फिरत्या मशीनबद्दल एक अक्षर नाही. विकणाऱ्याला तीनदा लिहिलं की हाताचं आणि रोलरचं चित्र काढून त्यावर लाल फुली छापा, वाचता न येणाऱ्यालाही कळेल. उत्तर आलेलं नाही. छापलं की बाकीचे दोन देईन.